जुना डेस्कटॉप सुरूच होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पीसी चालू होत नाही’ या एका तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड लपलेले असतात. बटण दाबलं तरी काहीच हलत नाही, हा पहिला. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, हा दुसरा. पडद्यावर कंपनीचं नाव येतं पण विंडोज येत नाही, हा तिसरा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. काळ्या पडद्यासाठी विंडोज नव्याने टाकून उपयोग नाही आणि ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ या संदेशावर रॅम (मेमरीची पट्टी) घासून काही होत नाही. म्हणून हातात स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी मशीन नेमकं कुठवर जाऊन अडतं ते ठरवा.

खालची उत्तरं नेहमीच्या एटीएक्स पद्धतीच्या (बोर्ड आणि वीजपुरवठ्याचा ठरलेला साचा) डेस्कटॉपसाठी आहेत. काही तयार ब्रँडेड मॉडेलांमध्ये एसएमपीएसचा (भिंतीवरची वीज पीसीला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याचा) कनेक्टर किंवा त्याची वायरिंग वेगळी असते. तिथे तारांचे रंग आणि पिनांचे क्रमांक जुळतीलच असं नाही.

कॅबिनेट उघडण्याआधी काय काय पाहायचं?

प्लग यूपीएसमधून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएसची बॅटरी उतरली असेल तर पीसीचा भार येताच तो ट्रिप होतो आणि दोष बिचाऱ्या पीसीवर जातो. त्याच सॉकेटमध्ये दुसरं उपकरण चालतं का तेही पाहा. मॉनिटर थेट केबलवर चालणारा असेल, तर त्याची आणि कॅबिनेटची पॉवर केबल बहुधा सारखीच असते. अदलाबदल करून केबलचा संशय मिटवा.

मग कॅबिनेटच्या मागे वळा. एसएमपीएसवरचं बटण ‘०’ वर नाही ना? साफसफाईत ते दाबलं जाणं अगदी नेहमीचं. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल सरकता स्विचही असतो. तो तुमच्याकडच्या विजेप्रमाणेच हवा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ११५ वर ठेवून प्लग लावला तर स्फोटासारखा आवाज होऊन एसएमपीएस जातो, म्हणून ‘बघू तरी’ म्हणून तो सरकवू नका.

शेवटी पॉवर केबल काढा, समोरचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, केबल परत लावा आणि सुरू करा. वीज अचानक गेल्या-आल्यावर अडकून बसलेली मशीन कधीकधी एवढ्यानेच उठतात.

आत हात घालताना काय जपायचं?

केबल काढलेली हवी. पीसी नुसता बंद केला एवढं पुरेसं नाही, कारण केबल जोडलेली असताना पीसी बंद दिसला तरी मदरबोर्डला (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, पुढे नुसतं ‘बोर्ड’) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो, आणि अशा स्थितीत रॅम काढणं म्हणजे रॅमचा किंवा बोर्डचा घात. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा आणि मधूनमधून पुन्हा लावत राहा.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या नळकांड्यात) ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठतं आणि केबल काढल्यावरही ते काही काळ टिकतं. खालच्या सगळ्या चाचण्या बाहेर आलेल्या तारांवरच करायच्या आहेत.

बटण दाबलं तर काहीच होत नाही. बटण गेलंय, बोर्ड की एसएमपीएस?

मल्टीमीटर असेल तर पाच मिनिटांत कळतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. २० किंवा २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डवर तसाच राहू द्या, काळी प्रोब कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने आत सरकवा.

आधी जांभळी तार. केबल लावलेली असताना इथे ५ व्होल्ट हवेतच, पीसी बंद असला तरी. नसतील तर मोठा कनेक्टर बोर्डमधून काढून पुन्हा मोजा. तरीही काही नाही, तर एसएमपीएस गेला. कनेक्टर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तर बोर्डवर किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या वस्तूत शॉर्ट आहे.

मग हिरवी तार. पीसी बंद असताना तिच्यावर साधारण ३ ते ५ व्होल्ट असतात. बटण दाबताच बोर्ड ती ग्राउंडला, म्हणजे काळ्या तारांना, जोडतो आणि आकडा शून्याजवळ येतो. बटण दाबूनही आकडा हलला नाही, तर बोर्डपर्यंत हुकूमच पोचत नाही किंवा बोर्ड तो मानत नाही. आकडा खाली आला पण पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट आले नाहीत, तर एसएमपीएस खराब आहे किंवा शॉर्टमुळे स्वतःला बंद करून घेतोय.

समोरच्या बटणाचा संशय दूर करणं सोपं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात समोरच्या पॅनेलच्या बारीक तारा जोडलेल्या असतात. त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवरचा जोड काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना क्षणभर एकत्र टेकवा. पिना कुठल्या ते बोर्डवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मशीन सुरू झालं तर बिघाड बटणात. तात्पुरता उपाय म्हणून रिसेट बटणाची तार पॉवरच्या पिनांवर लावा; रिसेटवाचून कुणाचं अडत नाही.

मल्टीमीटर नाही. एसएमपीएस कसा तपासू?

केबल काढा. बोर्ड, डिस्क, सीडी ड्राइव्ह, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांचे कनेक्टर सोडवा. मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या तारा असतात. वाकवलेली कागदाची क्लिप किंवा तारेचा तुकडा हिरव्यात आणि शेजारच्या काळ्यात खोचा. भार म्हणून एखादा जुना कॅबिनेट फॅन किंवा सीडी ड्राइव्ह जोडा, कारण काही जुने एसएमपीएस भाराशिवाय सुरूच होत नाहीत. आता केबल लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. पंखा एकदाच झटका देऊन थांबला तर एसएमपीएस बदलायच्या यादीत टाका.

तारा सगळ्या काळ्याच असतील तर पिनांची आकृती समोर असल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगलाच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांचं निदान चुकतं. पंखा फिरवायला फारसं काही लागत नाही. मशीन सुरू असताना पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. त्यातही राखाडी तार विसरू नका. सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत एसएमपीएस तिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे बोर्डला ‘आता कामाला लाग’ अशी परवानगी देतो. ती परवानगी आली नाही तर पंखे सगळे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसर जागचा हलत नाही.

मीटर सरासरी दाखवतो, वीज किती थरथरते ते दाखवत नाही. म्हणून आकडे बरोबर येऊनही संशय उरला, तर चालू असलेल्या दुसऱ्या पीसीचा एसएमपीएस शेजारी ठेवून नुसत्या तारा जोडून पाहणं हीच खात्रीची परीक्षा.

चार-पाच वेळा बटण दाबल्यावर एकदाचा सुरू होतो, मग दिवसभर नीट चालतो. हे काय?

कपॅसिटर म्हातारे झाले आहेत. आतलं द्रव सुकत गेलं की ते थंड असताना नीट काम करत नाहीत, थोडे तापले की करतात. दोष एसएमपीएसमध्ये असण्याची शक्यता जास्त, त्याखालोखाल मदरबोर्ड. थंडीच्या दिवसांत त्रास वाढतो हीही त्याचीच खूण. अशा मशीनमधल्या डेटाची प्रत आजच काढा, कारण एका सकाळी सहाव्या वेळेलाही ते सुरू होणार नाही.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. सुरुवात कुठून करू?

मॉनिटरपासून. त्याची केबल पीसीमधून काढा. मॉनिटर ठीक असेल तर ‘नो सिग्नल’सारखा संदेश बहुधा येतो. कॅबिनेटमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावलेली हवी, बोर्डच्या पोर्टला नाही. कार्ड बसवलेलं असताना बरेच जुने बोर्ड स्वतःचं पोर्ट बंद ठेवतात.

पुढे बोर्डवर दुसरा छोटा पॉवर कनेक्टर लागलाय का पाहा. प्रोसेसरजवळचा हा ४ किंवा ८ पिनांचा जोड फक्त प्रोसेसरला वीज देतो. तो राहून गेला की पंखे फिरतात आणि बाकी शांतता. साफसफाईनंतर आलेल्या ‘नो डिस्प्ले’च्या तक्रारीत हा जोड आणि अर्धवट बसलेली रॅम हेच दोघे मुख्य आरोपी.

एवढ्यावर भागलं नाही तर मशीन कमीत कमी भागांवर आणा. प्रोसेसर, त्याचा हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस, बस. हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड, समोरच्या यूएसबीच्या तारा, कीबोर्ड, माउस, सगळं काढा. बोर्डला स्वतःचा डिस्प्ले असेल तर ग्राफिक्स कार्डही काढा. आता डिस्प्ले आला तर एकेक वस्तू परत लावत जा आणि प्रत्येक वेळी सुरू करून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कोणाचा होता ते कधीच कळत नाही.

समोरच्या यूएसबी पोर्टात डोकावायला विसरू नका. आतली पिन वाकून शेजारच्या धातूला टेकली असेल तर तेवढ्या शॉर्टनेही अख्खं मशीन सुरू व्हायचं नाकारतं.

रॅम खोडरबराने घासावी का?

चालतं, पण बेताने. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर चढतो आणि संपर्क तुटतो. पेन्सिलीचं मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा एकाच दिशेने फिरवा, कण ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या सुती कापडाने पुसून वाळू द्या. शाईचं खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर नको. सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो आणि तो गेला की खालचा धातू लवकर गंजतो. रबराचे कण स्लॉटमध्ये पडले तर नवाच बिघाड पदरात.

रॅम बसवताना दोन्ही टोकांचे क्लिप ‘कट’ असा आवाज करून स्वतः मिटले पाहिजेत. एक पट्टी घेऊन प्रत्येक स्लॉटमध्ये पाहा, मग दुसरी पट्टी. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या बोर्डची नाही.

बीपचा अर्थ कसा लावायचा?

सुरू होताना बोर्ड बिघाडाची खूण बीपने देतो, म्हणून आधी कॅबिनेटमध्ये स्पीकर आहे का ते बघा. बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच. चार पिनांच्या जागेवर लावायचा चिमुकला बझर मिळतो आणि त्याच्यासारखं स्वस्त निदानयंत्र नाही.

एक छोटा बीप म्हणजे बहुधा सगळं ठीक. बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम; अवॉर्ड आणि एएमआय या तो बनवणाऱ्या कंपन्या. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोटे म्हणजे डिस्प्लेची अडचण. जुन्या एएमआय बायोसमध्ये तीन छोटे मेमरीचे, पाच प्रोसेसरचे, आठ डिस्प्ले मेमरीचे. थांबून थांबून वाजणारा लांब बीप बहुतेक वेळा रॅमकडे बोट दाखवतो. बाकीचे संकेत बोर्डागणिक बदलतात, तेव्हा त्या मॉडेलचं मॅन्युअल पाहा.

रॅमच्या सगळ्या पट्ट्या मुद्दाम काढून सुरू करा. बीप वाजला तर प्रोसेसर, बोर्ड आणि बायोस इतपत तरी काम करत आहेत. रॅम नसूनही बोर्ड गप्प राहिला, तर संशय बोर्ड, प्रोसेसर आणि त्यांना मिळणाऱ्या विजेवर.

बोर्डवरचा सेल संपला तर पीसी बंद पडतो का?

सहसा नाही. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज सांभाळतो. तो उतरला की तारीख मागे जाते, वेबसाइटी सुरक्षेच्या तक्रारी करू लागतात आणि सुरू करताना एफ१ दाबावं लागतं. पण काही बोर्ड मेलेल्या सेलवर खरोखरच डिस्प्ले देत नाहीत. मीटरवर २.७ पेक्षा कमी दिसलं तर बदलून टाका, अधिकची बाजू वर ठेवून.

सेल काढलाच आहे तर बायोसही रिसेट करून घ्या. पॉवर केबल काढलेली असताना ‘क्लिअर सीमॉस’ लिहिलेला जंपर १-२ वरून २-३ वर दहा सेकंद ठेवा आणि आठवणीने परत १-२ वर आणा. काही बोर्ड जंपर २-३ वर राहिला तर सुरूच होत नाहीत.

सेल बदलल्यावर विंडोजचा निळा पडदा येतोय. डिस्क गेली का?

बहुधा नाही. पडद्यावर शेवटी ७बी असलेला कोड दिसतो का ते पाहा. बायोस रिसेट झाल्यावर साटा (बारीक केबलच्या) डिस्कशी बोलण्याची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर किंवा उलट गेलेली असते, आणि विंडोज ज्या पद्धतीवर बसवलेलं असतं तिच्यावरच उठतं. बायोसमध्ये ती सेटिंग पूर्वीसारखी करा. या एका ओळीपायी कितीतरी धडधाकट डिस्का फॉरमॅट होतात.

कपॅसिटर फुगलाय हे कसं ओळखायचं?

प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या नळकांड्यांची वरची टोपी पाहा. तिच्यावर फुलीसारखी खाच असते आणि ती सपाट असायला हवी. वर आलेली टोपी, खाचेतून आलेला तपकिरी चिकट डाग किंवा तिरकं उचललं गेलेलं बूड म्हणजे तो कपॅसिटर कामातून गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या बोर्डांत सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे ही रोगराईच पसरली होती. सपाट धातूची, खाच नसलेली टोपी सॉलिड कपॅसिटरची. ते असे फुगत नाहीत.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, तापमान १०५ अंश आणि प्रकार ‘लो ईएसआर’ (आतला रोध कमी असलेला) असाच घ्या. उणे बाजूचा पट्टा पाहून लावा; उलटा लावला तर फुटतो. बोर्डच्या आतले तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, त्यामुळे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने जुनं कथील वितळत नाही आणि जोर लावला तर छिद्रातला थरच उपटून येतो. हात बसलेला नसेल तर पहिला प्रयोग टाकाऊ बोर्डवर करा.

सेकंदभर चालू होऊन बंद होतो, परत आपोआप चालू होतो. कशामुळे?

शॉर्ट, थकलेला एसएमपीएस, नीट न बसलेली रॅम किंवा प्रोसेसरचा पॉवर जोड. कॅबिनेटमध्ये बोर्डखाली सुटलेला स्क्रू किंवा चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँड असेल तर तो मागून शॉर्ट करतो. बोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि कमीत कमी भागांवर चालवा. बाहेर चालला, आत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये शोधा. बोर्ड ज्या चमकदार पिशवीत येतो तिच्यावर ठेवून चालवू नका. तिचा पृष्ठभाग थोडी वीज वाहून नेतो.

काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी बंद पडत असेल तर?

प्रोसेसर तापतोय. बोर्डला आरपार खोचायच्या चार प्लास्टिक खुंट्यांवर बसणाऱ्या हीटसिंकची एखादी खुंटी निसटली की तो एका बाजूने उचलला जातो, आणि प्रोसेसर अर्ध्या मिनिटात स्वतःला बंद करतो. खुंट्या बसल्या आहेत का ते बोर्डच्या मागून पाहा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर अल्कोहोलने पुसून मध्यभागी वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी नवी लावा. जास्त लावून थंडावा वाढत नाही.

पिना प्रोसेसरला असणाऱ्या जुन्या एएमडी बोर्डवर हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टने चिकटलेला प्रोसेसर लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन चालत असेल तर आधी काही मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, बंद करून केबल काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा.

‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’, ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असं येतं.

अर्धी लढाई जिंकलीत. वीज, रॅम, प्रोसेसर, डिस्प्ले सगळं चालतंय. लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा सीडी काढा. बायोसमध्ये जाऊन हार्ड डिस्कचं नाव दिसतं का पाहा. दिसत असेल तर बूटच्या क्रमात ती पहिली करा. तरीही संदेश तोच असेल तर विंडोजच्या सुरुवातीच्या फायली बिघडल्या आहेत आणि त्याच आवृत्तीच्या सीडी किंवा पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करता येते. नाव दिसत नसेल तर साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टात लावा, पॉवरचा दुसरा जोड लावा. रुंद पट्टीच्या केबलवरच्या आयडीई डिस्कमध्ये मास्टर-स्लेव्हचे जंपर पाहा. एका केबलवर दोन मास्टर असले की दोन्ही गायब होतात.

डिस्कमधून टकटक आवाज येतोय. आतला डेटा हवा आहे.

ताबडतोब बंद करा. प्रत्येक वेळी सुरू करताना आतलं हेड तबकडीवर आणखी ओरखडे पाडू शकतं. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नका; आत दव धरतं. डेटा मोलाचा असेल तर ती न उघडता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

डिस्क ठीक आहे पण पीसी मेला आहे, एवढंच असेल तर काळजीचं कारण नाही. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावा. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेलाच प्रकार घ्या. जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा.

नवा एसएमपीएस किती वॅटचा घेऊ?

ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या डेस्कटॉपला चांगल्या प्रतीचा ३०० ते ४५० वॅटचा पुरतो. वॅटपेक्षा जोड मोजा: २०+४ पिन, प्रोसेसरचा ४ पिन, साटा किती आणि जुन्या डिस्कसाठी चार पिनांचे मोलेक्स किती. सुट्या केबलांचा मॉड्युलर एसएमपीएस घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबला त्याला कधीही लावू नका. टोकं सारखी दिसतात, आतला क्रम वेगळा असतो, आणि डिस्क क्षणात जळते.

दुरुस्ती कुठे थांबवायची?

सेल, रॅम, एसएमपीएस, थर्मल पेस्ट, केबल: इथपर्यंत खुशाल करा, कारण यातलं बरंच दुसऱ्या मशीनलाही चालतं. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर गेला असेल तर त्याच सॉकेटचा जुनाच बोर्ड शोधावा लागतो, तोही तितकाच थकलेला. त्या वेळी डिस्कमधला डेटा काढा, रॅम, पंखे आणि चालू एसएमपीएस बाजूला ठेवा आणि उरलेलं ई-कचऱ्यात द्या. बोर्डवरचा सेल मात्र आधी काढून घ्या.